शालीखालचं बोलणं

खुर्ची ढकलायला ताकद फारशी लागत नाही, अंदाज लागतो. उतार कुठं सुरू होतो, कुठली फरशी उचललीय, लिफ्टचं दार किती दमानं मिटतं, आणि खुर्चीतल्या माणसाचा जीव कुठल्या वळणावर दचकतो, हे सगळं शालन वाघमोडे पायांनी ओळखायची. मिरजेबाहेर बेडग रस्त्याला असलेल्या 'उजळणी' केंद्रात मेंदूला मार लागलेली बेचाळीस माणसं राहत. कुणी गाडीवरून पडलेलं, कुणी माडीवरून, कुणाच्या डोक्यात रक्तवाहिनी फुटलेली. त्यांना सकाळी खोलीतून व्यायामाला न्यायचं, व्यायामातून पाण्याच्या हौदाला, तिथून जेवायला. तपासणी असली की गाडीत घालून शहरात न्यायचं आणि सुखरूप परत आणायचं. हे शालनचं काम. कागदावर तिचा हुद्दा होता 'वहन सहायिका'. केंद्रात सगळे तिला शालनताई म्हणत.

मध्यंतरी आपोआप चालणाऱ्या खुर्च्या आणून बघितल्या होत्या. उंबऱ्यापाशी त्या बरोबर थांबत, बरोबर चढत. पण आतलं माणूस वाटेत रडायला लागलं तर काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. रडणाऱ्या माणसाला घेऊन त्या अगदी वेळेवर पोचत. चार महिन्यांनी त्या कोठीघरात गेल्या आणि शालन परत चाकांमागं आली.

ढकलताना ती ओठातल्या ओठात गुणगुणायची. आईच्या जात्यावरच्या ओव्या तिच्या कानात मुरल्या होत्या. जातं कधीच गेलं, पण हाताखाली काही गोल फिरायला लागलं की शालनला आपसूक ओळ सुचायची.

*चाकाच्या ग गाडीला, नको धक्का उंबऱ्याचा*
*आत बसला पाहुणा, जीव त्याचा ग काचेचा*

"वा, शालनबाई!" खुर्चीतून आवाज आला. "तुमची ओवी ऐकली की दिवस उजाडल्यासारखं वाटतं."

आवाज बाळगोंडा आण्णा मगदूम यांचा होता, पण आण्णांचे ओठ मिटलेले होते. नजर समोरच्या भिंतीवर होती. आवाज खुर्चीच्या उशीत बसवलेल्या छोट्या कर्ण्यातून येत होता.

आण्णा शहात्तर वर्षांचे. सांगलीच्या हळदीच्या पेठेत त्यांनी चाळीस वर्षं दलाली केली. दोन वर्षांपूर्वी गोदामाच्या जिन्यावरून पडले आणि डोक्याला मार लागला. उजवं अंग अधू झालं, वाचा गेली. मान हलवा म्हटलं तर मान हलायची नाही, डोळे मिटा म्हटलं तर मिटायचे नाहीत. पहिलं दीड वर्ष ते खुर्चीत नुसते ठेवल्यासारखे असत. मग केंद्रात 'मुखर' आलं.

मुखर म्हणजे एक पातळ जाळीची टोपी आणि तिच्यामागचं यंत्र. बोलायचं मनात आलं की मेंदूत बारीक बारीक लहरी उठतात. धडधाकट माणसात त्या जिभेपर्यंत पोचतात, मार लागलेल्यात वाटेतच विरतात. टोपी त्या लहरी कवटीच्या बाहेरून टिपायची. पण ते टिपणं म्हणजे शेजारच्या घरातलं बोलणं भिंतीला कान लावून ऐकण्यासारखं. एखादा शब्द कळतो, चार हुकतात. म्हणून यंत्राला माणसाचं जुनं बोलणं ऐकवायचे. फोनवरचे निरोप, लग्नातली चित्रफीत, जे मिळेल ते. हा माणूस असा बोलतो, तेव्हा हुकलेले चार शब्द हेच असणार, असा अंदाज बांधून यंत्र वाक्य पुरं करायचं आणि त्याच माणसाच्या आवाजात बोलायचं.

अंदाज बरोबर की चूक हे यंत्राला कसं कळणार? त्याचीही सोय होती. खुर्चीच्या हातावरचा बारीक कॅमेरा समोरच्याचा चेहरा बघायचा. ऐकणारा खुलला म्हणजे वाक्य जमलं. ऐकणारा गोंधळला, हिरमुसला म्हणजे चुकलं, पुढच्या वेळी तसं बोलायचं नाही. दिवसागणिक मुखर सुधारत गेलं. सहा महिन्यांत आण्णा केंद्रातले सगळ्यांत गोड बोलणारे गृहस्थ झाले.

शालनला हे अप्रूप वाटायचं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात, त्याचा आठवड्याला एक निरोप यायचा: 'मी मजेत. तू?' आणि इथं रोज सकाळी कुणीतरी विचारत होतं, "शालनबाई, गुडघा कसा आहे तुमचा? चहा घेतलात का?" गुडघ्याचं तिनं एकदाच कुणाला तरी सांगितलं होतं. आण्णांनी ते ध्यानात ठेवलं, याचंच तिला केवढं वाटलं. ती अंबाड्यात आबोलीचा गजरा माळायला लागली.

गाडीचा चालक सिद्राम डोळे मिचकावून म्हणाला, "काय शालनताई, आज कुणाचं लगीन?"

"तुझ्या गाडीचं. नवा टायर बघून दिलाय तिला."

पण खरी जादू झाली ती पद्मजाताईंवर. पद्मजा ही आण्णांची एकुलती एक मुलगी, इचलकरंजीच्या शाळेत गणित शिकवायची. अकरा वर्षं ती बापाशी धड शब्द बोलली नव्हती. तिची आई अंथरुणाला खिळली होती, शेवटचे दिवस होते. भर हळदीचा हंगाम. त्या सकाळी डॉक्टर म्हणाले होते, आज घर सोडू नका. आण्णा पेठेत गेले. संध्याकाळी परतले तेव्हा आईच्या कानात कापूस घातलेला होता. पद्मजानं त्या दिवसापासून बापाला 'आण्णा' म्हणायचंही सोडलं होतं. अपघातानंतर ती दर रविवारी यायची ती कर्तव्य म्हणून. फळं ठेवायची, कागद बघायची, जायची.

मुखर लागल्यानंतर तिसऱ्या रविवारी खुर्चीतून आवाज आला, "पद्मजा, त्या दिवशी मी घरी थांबायला हवं होतं. चुकलं माझं, पोरी."

शालन तेव्हा दारातच होती. पद्मजा खाली फरशीवर बसली आणि बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली. शालननंही पदर डोळ्यांना लावला. त्यानंतर पद्मजा आठवड्यातून दोनदा यायला लागली, येताना आण्णांना आवडतात म्हणून खपली गव्हाच्या शेवया आणायला लागली.

मग कायमच्या मुखरची गोष्ट निघाली. टोपीऐवजी कपाळाच्या हाडाखाली चकती बसवायची. लहरी जवळून टिपता येतील, बोलणं अखंड होईल, टोपी घालाकाढायची कटकट नाही. मात्र एकदा बसवली की चकती मेंदूशी जुळत जाते, नंतर काढता येत नाही. नियम असा, की रुग्णाची स्वतःची संमती हवी आणि जवळच्या नातेवाइकाची सही.

केंद्राच्या वाचा विभागाचे डॉक्टर जमादार यांनी सगळ्यांसमक्ष विचारलं, "आण्णा, चकती बसवायची का?"

"अवश्य डॉक्टर," आवाज म्हणाला. "तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

पद्मजानं सही केली. मुखरला कायमचं बसवायचं का, हे मुखरलाच विचारलं गेलंय, हे त्या खोलीत कुणाच्याही लक्षात आलं नाही. शालननं तर टाळ्या वाजवल्या.

शस्त्रक्रियेआधी एक तपासणी होती, सांगलीत. पौषातली सकाळ होती. सिद्राम हळदीच्या पट्ट्यातून गाडी नेत होता. रानोरान हळद शिजत होती, काहिलींतून वाफा उठत होत्या आणि तो उग्र, मातकट वास खिडकीच्या फटीतून आत येत होता. शालन आण्णांच्या शेजारच्या बाकावर बसली होती.

वाहनाचा एक कडक नियम होता. खुर्चीतल्या माणसाचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पट्ट्यात, वरून दिसतील असे. बोटं चाकात जायची भीती असते. दोन वर्षं शालननं तो नियम पाळला होता. आण्णा मूळचे डावरे, त्यांचा डावा हात तेवढा चालायचा आणि त्याची बोटं अधूनमधून वळायची. नोंदवहीत त्याला 'झटके' म्हणत. झटके जास्त आले की शालनच त्या हाताला मऊ पिशवी बांधायची.

त्या दिवशी आण्णांचा हात बर्फासारखा गार लागला म्हणून तिनं आपली शाल त्यांच्या मांडीवर, हातांवरून पसरली. पट्टा फार आवळलाय का बघायला तिनं शालीखाली हात घातला आणि आण्णांनी तिची करंगळी धरली.

झटका असेल, म्हणून ती तशीच थांबली. बोटं सुटली नाहीत. करंगळीवरून सरकून ती तिच्या मधल्या दोन बोटांवर आली, दाबली, परत करंगळीवर गेली. 

हे तिला माहीत होतं.

तिचे तात्या आटपाडीच्या बाजारात मेंढरं विकायचे. तिथं चारचौघांत भाव बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातात हात घेत, वर घोंगडीचं टोक टाकत आणि बोटांनी बोलत. बोट धरलं की आकडा. अंगठ्यानं तळहात दोनदा दाबला की कबूल. करंगळी धरून बाहेर लोटली की नामंजूर. पोरींना बाजारात कुणी हात घालू देत नसे, पण घरी जेवणं झाल्यावर तात्या गोधडीखाली तिच्याशी चिंचोक्यांचे सौदे करायचे. हळदीच्या पेठेतही जुन्या काळी रुमालाखाली असंच चालायचं, असं तिनं ऐकलं होतं.

"आण्णा," ती हळूच म्हणाली, "थंडी वाजती का तुम्हास्नी?"

"छे छे, मी अगदी मजेत आहे," आवाज म्हणाला.

शालीखाली अंगठ्यानं तिचा तळहात दाबला. दोनदा.

"खिडकी लावू?"

"असू द्या, वारा छान आहे."

दोनदा.

तिनं खिडकी लावली. थोड्या वेळानं आण्णांच्या खांद्यांची बारीक थरथर थांबली.

पुढचा प्रश्न शालनच्या ओठांवर यायला दोन किलोमीटर लागले. "आण्णा, ती कपाळात चकती बसवायची हाय. बसवायची का?"

"आनंदानं, शालनबाई! तुम्ही आहात ना सोबत."

शालीखालच्या बोटांनी तिची करंगळी धरली आणि बाहेर लोटली. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा लोटली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नख रुतलं.

मग तिला राहवलं नाही. माणसाला कळू नये ते विचारायचा मोह आवरत नाही. "आणि माझ्या ओव्या? त्या आवडत्यात न्हवं?"

"ओव्या म्हणजे माझा प्राण आहे," आवाज म्हणाला.

करंगळी बाहेर गेली. ठामपणे, जराही विचार न करता.

शालनला एकदम हसू फुटलं. सिद्रामनं आरशातून बघितलं. "काय झालं वं?"

"काय न्हाय. गाडी बघ तू."

दोन वर्षं हा माणूस तिची ओवी मुकाट्यानं सोसत होता. आणि गुडघा कसा आहे म्हणून रोज विचारणारा तो होता कोण? संध्याकाळी तिनं आबोलीचा गजरा काढला आणि खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची गप्प ढकलली. "आज ओवी नाही?" आवाजानं लाडानं विचारलं. तिला उत्तर द्यावंसं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणूनच तिनं दिलं नाही.

डॉक्टर जमादारांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही. त्यांनी आण्णांचा डावा हात काचेच्या पट्टीवर ठेवला, वर कॅमेरा लावला, आणि वीस प्रश्न विचारले. बोटं दोनदा वळली, तीही भलत्या वेळी.

"शाल घाला वं वरनं," शालन म्हणाली.

"ताई, शाल घातली तर कॅमेऱ्याला दिसणार काय?"

"मग तुमचा हात घाला आत."

डॉक्टरांनी घातला. आण्णांनी त्यांचं बोट धरलं, दाबलं, सोडलं. डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही. पण ते बराच वेळ हात तसाच ठेवून बसले. मग म्हणाले, "तुम्ही म्हणताय ते अशक्य नाही. बघा, हुकमानं करायची हालचाल मेंदूच्या वरच्या थरातून निघते. मान हलवा, बोट उचला, हे तिथलं काम. आण्णांचा तोच भाग गेलाय. पण चाळीस वर्षं रोज केलेली गोष्ट खोल आत उतरते. मेंदूच्या तळाशी काही गाठी असतात, तिथं ती जाऊन बसते. आपण सायकल चालवतो, नाडी बांधतो ती तिथून. ते दार हुकमानं उघडत नाही. नेहमीचा प्रसंग समोर आला की आपोआप उघडतं. यांचा प्रसंग म्हणजे हातात हात आणि वर कापड. टोपी बघतेय वरचा थर. हे बोलतायत तळघरातून."

"मग मुखर बोलतंय ते कुणाचं?"

डॉक्टरांनी यंत्राचा हिशेब पडद्यावर काढला आणि त्यांचा चेहरा पडला. "इतर रुग्णांत निम्मे शब्द त्यांचे स्वतःचे असतात. आण्णांच्या बाबतीत शंभरातले सहा-सात. बाकी सगळं…" ते थांबले. "जुन्या निरोपांतलं उचलून, खुर्चीपाशी बोललेलं ऐकून, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघून."

"मग थांबवा की!"

"कशाच्या जोरावर? कागदावर त्यांची संमती आहे, मुलीची सही आहे. माझ्याकडं पुरावा म्हणून काय, तर तुमची करंगळी. पद्मजाताई नको म्हणाल्या तर मी आत्ता रद्द करतो. त्यांना सांगावं लागेल."

"तुम्ही सांगा."

"मी सांगेन यंत्राचे आकडे. त्या म्हणतील, सहा-सात शब्द त्यांचे आहेत ना, मग त्यातच ते वाक्य होतं. मला त्यांचा हात कळत नाही, ताई. तुम्हाला कळतो."

रविवारी पद्मजा आली. शालन तीनदा तिच्याजवळ गेली. पहिल्यांदा ती शेवया भरवत होती. दुसऱ्यांदा आण्णांची नखं कापत होती. तिसऱ्यांदा ती स्वतःच व्हरांड्यात आली आणि शालनचा दंड धरून म्हणाली, "शालनताई, अकरा वर्षं मला आईचं तोंड आठवलं की राग यायचा. आता नुसती आई आठवते."

ज्या वाक्यानं हिची आई हिला परत दिली, ते वाक्य हिच्या बापाचं नव्हे, हे सांगायचं कुणी? शालननं मान डोलावली आणि घरी गेली. वाटेत तिनं ओवी जुळवायचा प्रयत्न केला. पहिली ओळ आली, दुसरी काही केल्या येईना.

गुरुवारी सकाळी शस्त्रक्रियेसाठी गाडी निघाली. खुर्ची जमिनीच्या कड्यांना जखडलेली, शेजारी पद्मजा, तिच्या पायाशी कपड्यांची पिशवी, समोर शालन. आण्णांच्या मांडीवर शाल होती. शालननं आत हात घातला नव्हता. घातला तर उत्तर येणार हे तिला माहीत होतं.

"आण्णा, घाबरलात का?" पद्मजानं विचारलं.

"तू असताना कसली भीती, पोरी?" आवाज म्हणाला.

आण्णांच्या मांडीवरची शाल हलली. कुणाचाही हात नसताना शालीखाली बोटं काहीतरी शोधत होती, धरायला काही मिळत नव्हतं. शालननं ते बघितलं आणि तिच्याच्यानं बसवेना.

"सिद्राम, गाडी बाजूला घे."

"आत्ता? अवो, दहाला पोचायचंय."

"घे म्हणते ना."

गाडी एका बंद गुऱ्हाळाच्या आवारात थांबली. शालननं सगळं सांगितलं. आटपाडीचा बाजार, बोटांच्या होकार-नकाराच्या खुणा, शाल, खिडकी, तीनदा विचारलेला प्रश्न. पद्मजाचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला.

"तुम्हाला म्हणायचंय, हे आण्णा बोलत नाहीत?"

"थोडं बोलत असतील. पण ऑपरेशन नको म्हणत्यात, एवढं नक्की."

"आणि बाकीचं? आईबद्दलचं?"

"ते मी इचारलं न्हाय. ते माझं न्हवं इचारायचं."

"मग सांगितलंत कशाला?" पद्मजा ओरडली. "माझ्याकडून हे काढून घेऊन तुम्हाला काय मिळणार आहे?"

"माझंबी गेलंच की वं," शालन म्हणाली. "मला रोज सकाळी गुडघा इचारणारं माणूस होतं."

"पद्मजा, चिडू नकोस," आवाज मऊपणे म्हणाला. "शालनबाईंचा गैरसमज झालाय. मी तयार आहे. आपण जाऊ या."

पद्मजानं चमकून खुर्चीकडं बघितलं. आण्णांचे डोळे समोरच्या काचेवर होते. उशीतला आवाज पुन्हा म्हणाला, "हस बघू जरा." आणि तिथंच तिला काहीतरी लागलं. बापाच्या घरात तिनं एकोणतीस वर्षं काढली होती. 'हस' असं तो तिला कधीच म्हणाला नव्हता. 'दात काढू नकोस' असं शंभरदा म्हणाला होता.

तिनं उशीमागची कळ दाबली. कर्ण्यातली घरघर बंद झाली. गाडीत इतकं शांत झालं, की बाहेर सिद्राम चूळ भरत होता तेही ऐकू आलं.

"कसं करायचं?"

"हात घाला. सैल ठेवा. धरतील ते."

पद्मजानं शालीखाली हात घातला. तिचे डोळे मोठे झाले. "धरलं," ती कुजबुजली. मग वर्गात विचारावं तसं स्पष्ट म्हणाली, "ऑपरेशन करायचं?"

शालीचा काठ उसळला. शालनला सांगावं लागलं नाही. पद्मजाची करंगळी शालीच्या बाहेर आली होती.

तेवढ्यात शालनचा फोन वाजला. रुग्णालयातून विचारत होते, पेशंट कुठं आहे.

"पेशंट नको म्हणतोय," शालन म्हणाली.

"असं कसं? त्यांची संमती आहे आमच्याकडं."

"ती यंत्राची हाय. त्यांची न्हाय. पोरगी डॉक्टर जमादारांस्नी फोन करंल, जरा दम काढा." तिनं फोन ठेवला.

पद्मजाचं इकडं लक्षच नव्हतं. ती बापाच्या तोंडासमोर झुकली होती. हात परत आत होता. मग तिनं विचारलं, "त्या दिवशी घरी थांबायला हवं होतं, हे तुम्ही म्हणालात? तुम्ही?"

शाल हलली. करंगळी पुन्हा बाहेर आली.

शालननं मान फिरवली. झालं, तिला वाटलं. मोडलं सगळं. आता ही हात काढील, पिशवी उचलील आणि जाईल, आणि आपण खुर्ची घेऊन परत जाऊ, गप्प माणूस आणि गप्प वाट.

पण पद्मजानं हात काढला नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. "नाही? नाही म्हणता? आई दुपारपासून दाराकडं बघत होती, माहिताय तुम्हाला? बोलता येत नव्हतं तिला. पायरव आला की मान उचलायची. पोस्टमन आला तरी उचलली. तुम्ही पोत्यांवर बसून सौदे करत होता! मी तिला खोटं सांगत होते, निघालेत, येतायत, पुलावर आलेत. ती खोटं मानत होती. कळतंय का, आण्णा?"

अकरा वर्षं जपून ठेवलेलं हे बोलणं तिनं त्या गोड आवाजाला कधी ऐकवलं नव्हतं. त्यानं आधीच माफी मागून टाकली होती, मग ऐकवायचं कुणाला? आज खुर्चीत माफी न मागणारा तिचा बाप बसला होता, जसा होता तसा. ती त्याच्याशी भांडत होती आणि त्याला आण्णा म्हणत होती.

आण्णांची नजर काचेवरून हलली नव्हती. पण मानेची शीर ताठ झाली होती, आणि शालीखाली काहीतरी चाललं होतं. थोडंथोडकं नव्हे. बोटं धरली जात होती, सोडली जात होती, पुन्हा धरली जात होती. पद्मजा दबक्या आवाजात एकेक विचारत होती, मधेच "नाही, हे बरोबर नाही" म्हणत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कपाळावरची आठी तशीच होती.

तात्यांनी शालनला बोटांचं सगळं शिकवलं होतं. एक गोष्ट मात्र न शिकवताच कळलेली होती. बाजारात दोघांच्या हातांवर घोंगडी पडली, की भोवतालची माणसं आपोआप दुसरीकडं बघायला लागत. सख्खा भाऊ उभा असला तरी काय ठरतंय ते विचारत नसे.

ती उठली, दार ढकलून खाली उतरली आणि बाहेरून दार लोटून घेतलं.

सिद्राम गाडीला टेकून उभा होता. "काय म्हणतायत म्हातारबा?"

"ते त्या दोघांचं हाय," शालन म्हणाली. "तू गाडी वळवून घे. पण आत्ता न्हाय. त्यांचं झालं की."